‘अपडेट फेल’ दिसलं की बंद करून टाकू नका, कोड वाचा

(एपिसोडचं पूर्ण बोलणं इथे उतरवलंय, कारण ऐकता ऐकता कोड आणि कमांड टिपून घेणं अवघड जातं. कमांड मी जशा बोलले तशाच मराठी अक्षरांत दिल्या आहेत. कॉम्प्युटरवर टाइप करताना त्या इंग्रजीतच टाइप करायच्या.)

 

आजचा विषय तुमच्यापैकी खूप जणांच्या रोजच्या कामातला आहे. तुम्ही पतसंस्थेत क्लार्क असाल, सेवा केंद्रावर ऑपरेटर असाल, कारखान्याच्या ऊस विभागात असाल, शाळेच्या ऑफिसात असाल किंवा सुपा एमआयडीसीत डिस्पॅचला असाल. सकाळी कॉम्प्युटर सुरू करता, समोर निळा स्क्रीन, गोल गोल फिरणारे ठिपके, आणि मग इंग्रजीत एक ओळ येते: अपडेट पूर्ण करता आलं नाही, केलेले बदल मागे घेतोय. अर्धा तास गेला, बाहेर लोक रांगेत उभे. किंवा वर्ड, एक्सेल उघडलं की बारीक पिवळी पट्टी येते, अपडेट करा म्हणते, आपण क्लिक करतो, आणि एक एरर कोड दाखवून ती खिडकी बंद होते.

मग काय होतं? ऑफिसात कुणीतरी जाणकार असतोच. तो म्हणतो, “अपडेट बंदच करून टाक ना, कटकट नको.” आणि खरंच बंद होतं. दोन वर्षं कुणी त्याकडे बघत नाही.

आज मला एवढंच सांगायचंय की तो कोड वाचता येतो. बहुतेक वेळा कारण साधं असतं आणि ते तुम्ही स्वतः शोधू शकता. जे तुमच्या हातात नाही, ते कुणाला आणि कसं कळवायचं हेही ठरवता येतं. बंद करून टाकणं हा उपाय नाही, आणि तो का नाही याकडे पण येते.

अपडेट कोणाचं आहे, ते आधी बघा

आपण सरसकट “अपडेट” म्हणतो, पण समोर दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक विंडोजचं अपडेट, दुसरं ऑफिसचं, म्हणजे वर्ड, एक्सेल, आउटलुक यांचं. दोघांचा रस्ता वेगळा, दुरुस्ती वेगळी.

विंडोजचं अपडेट सेटिंग्जमध्ये, विंडोज अपडेट या पानावर दिसतं. तिथे ‘अपडेट हिस्ट्री’ उघडा. कोणतं अपडेट कधी फेल झालं याची यादी असते आणि बहुतेकांसमोर केबीने सुरू होणारा एक नंबर असतो. तो नंबर लिहून ठेवा.

ऑफिसचं अपडेट वर्ड किंवा एक्सेलच्या आतच असतं. फाइल, मग अकाउंट, मग अपडेट ऑप्शन्स, मग अपडेट नाऊ. काही कॉम्प्युटरवर तिथे लिहिलेलं असतं की अपडेट डिसेबल केलेत. म्हणजे आधीच कुणीतरी ‘कटकट’ मिटवून गेलंय. तिथेच एनेबल करायचा पर्याय असतो. तो दिसलाच नाही, तर ऑफिसच्या ॲडमिनने ठरवून बंद केलेलं असू शकतं. मग त्यांना विचारा.

अजून एक. मायक्रोसॉफ्टचे सुरक्षेचे मोठे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते, आपल्याकडे रात्र. म्हणून आपल्या ऑफिसात ते बुधवारी सकाळी येऊन धडकतात. त्या बुधवारी ऑडिटचं किंवा पगारपत्रकाचं काम पहिल्या तासात ठेवू नका. एवढ्याने निम्मा त्रास कमी होतो.

कोड वाचायचा कसा

आता मजेशीर भाग. समजा स्क्रीनवर कोड आला: ०एक्स८००७०६४३. बघून वाटतं, हे आपलं काम नाही. पण याचे दोन तुकडे करा. सुरुवातीचं ०एक्स८००७ म्हणजे फक्त “ही विंडोजच्या नेहमीच्या यादीतली चूक आहे” असं सांगणं. खरी माहिती शेवटच्या चार आकड्यांत असते, इथे ०६४३.

हे आकडे आपल्या दशमान पद्धतीतले नाहीत, सोळाच्या पद्धतीतले आहेत. हिशोब असा: सहा गुणिले २५६, अधिक चार गुणिले १६, अधिक तीन. उत्तर १६०३. हिशोब करायचा कंटाळा आला तर विंडोजचा कॅल्क्युलेटर उघडा, प्रोग्रामर मोड घ्या, हेक्सवर क्लिक करून ६४३ टाका, खाली डेसिमलमध्ये १६०३ दिसेल.

आता कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि टाइप करा: नेट, स्पेस, हेल्पएमएसजी, स्पेस, १६०३. एंटर. कॉम्प्युटर स्वतःच सांगतो की इन्स्टॉलेशन करताना गंभीर चूक झाली. ठीक, यातून फार कळलं नाही. पण हेच दुसऱ्या कोडवर करून बघा.

०एक्स८००७००७०. शेवटी ७० आहे. सात गुणिले १६ म्हणजे ११२. नेट हेल्पएमएसजी ११२ केलं की उत्तर येतं, डिस्कवर जागा नाही. झालं, कारण सापडलं!

०एक्स८००७०००५. शेवटी पाच. उत्तर: परवानगी नाही. म्हणजे तुमच्या लॉगिनला ते काम करायचा अधिकार नाही, किंवा एखादा अँटिव्हायरस आडवा आलाय.

०एक्स८००७२ईई२. शेवटचे चार आकडे दशमानात १२००२ होतात. बारा हजारांच्या घरातले हे आकडे इंटरनेटशी संबंधित असतात. त्यांचा अर्थ नेट हेल्पएमएसजी सांगत नाही, म्हणून लक्षात ठेवा: १२००२ म्हणजे टाइमआउट, समोरून वेळेत उत्तर आलं नाही. आणि ०एक्स८००७२एफ८एफ, म्हणजे १२१७५, हा सुरक्षित कनेक्शन जुळत नसल्याचा कोड. याचं सगळ्यात साधं कारण ऐकून हसाल. पुढे सांगते.

ऑफिसचे स्वतःचे कोड वेगळ्या ढंगाचे असतात. ३०ने सुरू होणारा पाच आकडी नंबर, मग डॅश, मग अजून एक नंबर. उदाहरणार्थ ३००८८-२६. त्यांना हा हिशोब लागू होत नाही. पण पुढच्या पायऱ्या त्यांनाही चालतात.

या क्रमाने तपासा

क्रम महत्त्वाचा आहे. सोप्या आणि बिनधोक गोष्टी आधी. बरेच जण थेट विंडोज फॉरमॅट करायला निघतात. थांबा.

पहिलं, रिस्टार्ट करा. “रोज संध्याकाळी बंद करतो की!” असं म्हणाल. पण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुतेक ठिकाणी चालू असते. त्यामुळे शट डाऊन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तिथूनच पुढे सुरू होतं. रिस्टार्ट केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. अडकलेली कितीतरी अपडेट एका रिस्टार्टने पुढे सरकतात.

दुसरं, जागा. सी ड्राइव्ह बघा. लाल पट्टी दिसली की समजून जा. माझ्या मते १० ते १५ जीबी तरी मोकळी असावी. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथून जुना कचरा काढता येतो. पण सांभाळून, त्या यादीत डाउनलोड्स हे फोल्डरही असतं. आपल्याकडे लोकांचे सातबारे, दाखले, आधारच्या पीडीएफ सगळं डाउनलोड्समध्येच पडलेलं असतं. तिथे टिक करू नका. आधी ते सगळं डी ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर नीट हलवा.

तिसरं, तारीख आणि वेळ. हेच ते हसायला लावणारं कारण. आमच्या तालुक्यातल्या एका ऑफिसात जुना डेस्कटॉप होता. अपडेट होत नव्हतं, बऱ्याच वेबसाइटही उघडत नव्हत्या, आणि सगळे म्हणत होते नेट स्लो आहे. कोपऱ्यात तारीख बघितली तर २००९. मदरबोर्डवर गोल बटणासारखा एक सेल असतो, सीआर २०३२. तो संपला की लाईट गेल्यावर कॉम्प्युटर तारीख विसरतो. सुरक्षित कनेक्शन जुळताना सर्टिफिकेटची मुदत तारखेवर तपासली जाते. तुमच्या कॉम्प्युटरच्या मते आज २००९ साल असेल, तर मायक्रोसॉफ्टचं सर्टिफिकेट त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं, आणि तो कनेक्शन नाकारतो. घड्याळाच्या दुकानातही मिळणारा सेल बदलला, तारीख नीट केली, अपडेट सुरू झालं. इंजिनिअर बोलवायची गरज पडली नाही.

चौथं, नेट. आपल्यापैकी कितीतरी जण ऑफिसचा कॉम्प्युटर स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवतात. दिवसाचा डेटा संपला की स्पीड इतका उतरतो की व्हॉट्सॲपचा मेसेज जेमतेम जातो, अपडेटचा टाइमआउट होणारच. दुसरं म्हणजे, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू असेल तर विंडोज डेटा वाचवायला अपडेट थांबवून ठेवतं. हे बिघाड नाही, तुमच्याच सोयीचं आहे. मोठं अपडेट असेल त्या दिवशी चांगल्या वाय-फायवर लावा आणि तेवढ्यापुरतं मीटर्ड बंद करा.

पाचवं, आत काही अडकलंय का. ऑफिसचं अपडेट करताना वर्ड, एक्सेल, आउटलुक सगळं बंद हवं. खिडकी बंद केली तरी कधी कधी एक्सेल मागे चालूच असतं. टास्क मॅनेजर उघडून बघा, दिसलं तर आपलं काम सेव्ह केल्याची खात्री करून एंड टास्क करा.

सहावं, ऑफिसचं अपडेट करणारी सेवा चालू आहे का. विंडोजच्या सर्चमध्ये सर्व्हिसेस टाइप करा. यादीत ‘मायक्रोसॉफ्ट ऑफिस क्लिक-टू-रन सर्व्हिस’ शोधा. ती डिसेबल असेल तर अपडेट होणारच नाही. “कॉम्प्युटर फास्ट करून देतो” म्हणणारी काही सॉफ्टवेअर आणि काही माणसंही अशा सेवा बंद करून जातात.

आणि याच्याच जोडीला एक नाजूक विषय. ऑफिस विकत घेतलेलं आहे का? की असेंबल्ड कॉम्प्युटर घेताना दुकानदाराने “टाकून दिलंय”? असं टाकून दिलेलं ऑफिस बहुतेकदा ॲक्टिव्हेटरवर चालतं. तो ॲक्टिव्हेटर लायसन तपासणी चुकवायला सिस्टिममध्ये फेरफार करतो, आणि त्यात अपडेटचे रस्तेही बंद होऊ शकतात. शिवाय तो चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे घराला कुलूप लावायचं, आणि किल्ली अनोळखी माणसाकडे द्यायची. अशा ऑफिसचं अपडेट दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका. पुढे एक फुकटचा आणि कायदेशीर पर्याय सांगते.

तरीही होत नसेल तर दुरुस्ती

ऑफिससाठी: कंट्रोल पॅनल, प्रोग्राम्स अँड फीचर्स, यादीत ऑफिस निवडा, वर ‘चेंज’. दोन पर्याय येतात. क्विक रिपेअरला इंटरनेट लागत नाही, काही मिनिटांत होतं. आधी तेच करा. ऑनलाइन रिपेअर म्हणजे जवळजवळ नव्याने इन्स्टॉल, काही जीबी डाउनलोड होतं. ते हॉटस्पॉटवर करू नका, आणि सुरू करण्याआधी ऑफिसचं लायसन कोणत्या ईमेलवर आहे आणि पासवर्ड कुणाकडे आहे हे माहीत करून घ्या. नंतर पुन्हा साइन इन मागू शकतं, आणि तेव्हा तो ईमेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा निघाला तर पंचाईत.

विंडोजसाठी: कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा. आधी ही कमांड: डीआयएसएम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप डॅश इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. ही पूर्ण झाल्यावर दुसरी: एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ. पहिली कमांड दुरुस्तीसाठी लागणाऱ्या मूळ फाइल नीट करते, दुसरी त्यांच्या आधारे बिघडलेल्या फाइल बदलते. म्हणून हाच क्रम. मधेच अडकल्यासारखं वाटेल, वाट बघा. आणि लाईटचा भरवसा नसेल तर यूपीएस किंवा चार्ज केलेला लॅपटॉप असल्याशिवाय सुरू करू नका. ‘कॉम्प्युटर बंद करू नका’ असं लिहिलेलं असताना लाईट गेली, की पुढच्या अपडेटचा बिघाड तिथेच जन्माला येतो.

हे सगळं करण्याआधी काय? बॅकअप. डेटाची एक कॉपी कॉम्प्युटरच्या बाहेर. बॅकअप नाही तर दुरुस्ती नाही, असा नियमच करा.

कधी कधी तुम्ही काहीही केलं तरी होत नाही

हे मुद्दाम सांगतेय. ९ जानेवारी २०२४ला विंडोज १०साठी एक सुरक्षा अपडेट आलं, केबी५०३४४४१. जगभर असंख्य कॉम्प्युटरवर ते फेल झालं, आणि कोड आला तोच, ०एक्स८००७०६४३. लोकांनी फॉरमॅट मारले, फोरम धुंडाळले. खरं कारण काय होतं? विंडोजच्या रिकव्हरीसाठी डिस्कवर एक छोटं लपलेलं पार्टिशन असतं. त्या अपडेटला तिथे २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि अनेक कॉम्प्युटरवर ती नव्हतीच. सी ड्राइव्हवर शंभर जीबी मोकळी असून उपयोग शून्य. मायक्रोसॉफ्टने हाताने पार्टिशन वाढवायची पद्धत सांगितली, पण आपोआप दुरुस्ती देता येणार नाही हे नंतर मान्य केलं.

यातून काय घ्यायचं? केबी नंबर लिहून ठेवा म्हटलं ते यासाठी. तो नंबर आणि ‘नोन इश्यू’ एवढं सर्च करा, मायक्रोसॉफ्टच्याच पानावर लिहिलेलं असतं की ही अडचण त्यांना माहीत आहे. असं दिसलं तर हात लावू नका. ऑफिसात साहेब म्हणत असतील, “तूच काहीतरी दाबलंस,” तर ते पान त्यांना दाखवा.

सर्च करताना एक सावधगिरी. एरर कोड टाकला की पहिल्याच रिझल्टमध्ये ‘हे टूल डाउनलोड करा, एका क्लिकमध्ये दुरुस्ती’ येतं. घेऊ नका. फोन नंबर दिसला तर अजिबात लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की ती फसवणूक, हे पक्कं धरा. समोरचा गोड हिंदीत बोलून तुम्हाला रिमोटचं ॲप घ्यायला लावतो, आणि मग कॉम्प्युटरवरची बँकेची खाती त्याच्यासमोर उघडी.

एवढा आटापिटा कशासाठी

आता मूळ प्रश्न. नाही केलं अपडेट तर काय बिघडलं?

२०१७ सालची गोष्ट. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. ५९ दिवसांनी, १२ मेला, वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर त्याच भोकातून दीडशेहून जास्त देशांत पसरला. जगभर बातम्या झाल्या, सगळ्यांना कळलं. तरीही २७ जूनला नॉटपेट्या आला, आणि पसरायला त्याने इतर युक्त्यांबरोबर तेच भोक वापरलं. तोपर्यंत अपडेट येऊन १०५ दिवस झाले होते.

नॉटपेट्याचा फटका आपल्या दारात बसला. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल मर्स्क समूहाची कंपनी चालवते. मर्स्कच्या जगभरच्या यंत्रणा कोलमडल्या आणि इथलं कामही ठप्प झालं. कंटेनर कुठला, कुणाचा, कुठे ठेवलाय हे सांगणारी यंत्रणाच बंद. माणसं हाताने नोंदी करत होती. नगर, नाशिकचा शेतमाल परदेशी जातो तो याच बंदरातून. मर्स्कने नंतर आपलं नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितलं.

पण गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नॉटपेट्या आत शिरला कसा? युक्रेनमधल्या मीडॉक नावाच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीचा अपडेटचा रस्ताच ताब्यात घेतला होता. आणि १९ जुलै २०२४ आठवतंय? क्राउडस्ट्राइकचं एक अपडेट व्यवस्थित इन्स्टॉल झालं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

मग अपडेट करायचं की नाही? करायचं, पण रीतीने. ऑफिसात पाच कॉम्प्युटर असतील तर आधी एकावर करा, ज्यावर काउंटरचं काम नाही अशावर. दोन दिवस प्रिंटर, टॅली, मराठी टायपिंग सगळं चालतंय का बघा. मग बाकीच्यांवर. दोन-चार दिवस थांबणं शहाणपणाचं आहे, दोन वर्षं थांबणं नाही.

मराठी फॉन्टची भीती

मराठी टायपिंगवरून आठवलं. आपल्याकडे अपडेट बंद करण्यामागे एक खास मराठी कारण असतं. वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार श्रीलिपी, कृतिदेव किंवा सीडॅकच्या आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. “अपडेट केलं की मराठी उडतं” असं लोक म्हणतात, आणि ही भीती अगदीच खोटी नाही. जुन्या विंडोजसाठी घेतलेलं टायपिंगचं सॉफ्टवेअर नव्यावर चालेलच असं नसतं.

या जुन्या फॉन्टमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, फक्त दिसायला मराठी. फॉन्ट गेला की कागदावर इंग्रजी गिचमिड. युनिकोडमध्ये अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं, म्हणून तुमच्या फोनवर कुठलंही मराठी नीट दिसतं. जुन्या फाइलींची पीडीएफ काढून ठेवा, नवीन काम युनिकोडमध्ये सुरू करा. आपल्या जिल्ह्याचं नाव २०२४मध्ये अहिल्यानगर झालं, तेव्हा लेटरहेडपासून सगळे नमुने बदलावेच लागले. ते काम अजून बाकी असेल, तर युनिकोडमध्ये करायची हीच वेळ आहे. गंमत म्हणजे इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी लिहिणारा विंडोजचा मराठी फोनेटिक कीबोर्ड आपल्याला मिळाला तो मे २०१९च्या अपडेटमधूनच.

अपडेट येणंच थांबलं असेल तर

काही जणांकडे अपडेट फेल होत नाही, येतच नाही. ऑफिस २०१६ किंवा २०१९ असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज १०चाही त्याच दिवशी. घरच्या विंडोज १० कॉम्प्युटरला नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, पुढचं नियोजन मात्र करावंच लागेल.

पैसे नाहीत आणि ॲक्टिव्हेटर नको, तर लिब्रेऑफिस घ्या. फुकट, कायदेशीर, आणि मेनूसुद्धा मराठीत मिळतो. पत्रं, साधे तक्ते यांना पुरेसं आहे. मॅक्रो असलेल्या एक्सेल शीट मात्र आधी तपासून घ्या.

मदत मागायची कशी

गावात, तालुक्याला आयटी विभाग नसतो. हा प्रश्न जुना आहे. १९९८मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे वारणेच्या सहकारी कारखान्याच्या परिसरात सुमारे ७० गावं कॉम्प्युटरने जोडायचा मोठा प्रकल्प झाला. काही वर्षांनी संशोधकांनी बघितलं तर कॉम्प्युटर मुख्यतः उसाच्या नोंदींसाठीच वापरले जात होते, आणि ते चालू ठेवायचा खर्च जड जात होता. मग त्यांनी तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं. कॉम्प्युटर बसवणं एक वेळ सोपं असतं, सांभाळणं अवघड. आणि सांभाळायचं काम शेवटी खुर्चीत बसलेल्या ऑपरेटरवर येतं, ज्याच्या पगारात ते धरलेलं नसतं. एमएस-सीआयटी करून लागलेला बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, आणि सगळं ऑफिस म्हणतं, “बघ रे काय झालंय.”

म्हणून तुमचं काम कुठे संपतं हे ठरवा. वरच्या पायऱ्या करून झाल्या, किंवा ॲडमिन पासवर्ड लागतोय, तर थांबा. एएमसीवाल्याला किंवा हेड ऑफिसला मेसेज पाठवा. “सर, कॉम्प्युटर चालत नाही” असा नको. असा पाठवा:

“नमस्कार सर. काउंटर दोनचा कॉम्प्युटर, विंडोज ११. बुधवारपासून अपडेट फेल होतंय. केबी नंबर आणि एरर कोडचा फोटो सोबत. सी ड्राइव्हवर २२ जीबी मोकळी, तारीख बरोबर, नेट चालू. रिस्टार्ट दोनदा केलं. पुढच्या कामाला ॲडमिन पासवर्ड लागतो. बॅकअप काल घेतलाय. कधी येऊ शकाल?”

या मेसेजने समोरच्याचा एक तास वाचतो, तो नेमकी तयारी करून येतो, आणि तुम्ही काय काय केलं याची तारखेसकट नोंद तुमच्या फोनमध्ये राहते. उद्या कुणी म्हणालं, “तू सांगितलंच नाहीस,” तर ती दाखवता येते.

तर आजचं काम एकच. उद्या ऑफिसात गेलात की अपडेट हिस्ट्री उघडा आणि शेवटचं यशस्वी अपडेट कोणत्या तारखेचं आहे ते बघा. काही महिन्यांपूर्वीचं निघालं, तर रिस्टार्टपासून सुरुवात करा. कोड आला तर शेवटचे चार आकडे घेऊन हिशोब करून बघा. अडलात तर केबी नंबर आणि कोड कमेंटमध्ये टाका, फोटोत ग्राहकांची माहिती किंवा पासवर्ड दिसत नाही ना एवढं बघून. आणि हा एपिसोड त्या मित्राला नक्की पाठवा, जो प्रत्येक ऑफिसात “बंदच करून टाक” म्हणत फिरतो.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत बॅकअप घ्या, काळजी घ्या. नमस्कार!